नवीन क्लास की सबक्लास? पैलवान, गोंधळी, मेंढपाळ आणि घाटातला वाटाड्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव-खानापूरकडचा एक गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवून फाशांवर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे, नियम धरून स्वतःची मोहीम खेळतो. जग ओळखीच्या मुलखावर बेतलेलं आहे: जांबोटी-भीमगडचं रान, सौंदत्तीचा डोंगर, गोकाकचा धबधबा. त्यात त्यांना चार पात्रं आणायची आहेत. पैलवान, गोंधळी, कळप घेऊन हिंडणारा मेंढपाळ आणि चोर्ला घाटातून माणसं-माल पार करणारा वाटाड्या. चारही नवीन क्लास (पात्राचा मूळ साचा) लिहायचे, सबक्लास (त्या साच्याची शाखा) करायचे, की आणखी काही वाट आहे?

आधी उत्तर देतो. पैलवान फायटरचा (लढवय्याचा) सबक्लास करा, गोंधळी बार्डचा (गाणाऱ्याचा). वाटाड्याला दोन्हीची गरज नाही, त्याला बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पूर्वपीठिका, पुरे. मेंढपाळ मात्र मनापासून हवा असेल तर नवीन क्लासच लिहावा लागेल, आणि तो लिहिण्याआधी बाकी तिघांना टेबलावर खेळवून बघा.

निवड करताना बहुतेक जण पात्र दिसायला किती वेगळं आहे ते बघतात. लंगोट, संबळ, घोंगडी असं डोळ्यांपुढे आलं की वाटतं, हे तर नवीनच आहे, क्लास हवा. बघायचं असतं दुसरंच: त्याची पाळी आली की खेळाडू दर राउंडला काय करतो, त्यासाठी काय खर्च करतो, आणि तो खर्च कधी भरून निघतो. फायटर हल्ले वाढवत जातो. रोग, म्हणजे चोरभामटा, एकाच हल्ल्यावर सगळा भार टाकतो. विझर्डला दिवसाचे ठराविक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) मिळतात, वॉरलॉकला थोडेच, पण शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत. हे क्लासचं यंत्र. तुमच्या पात्राचं यंत्र यांपैकी एखाद्यासारखं निघालं तर सबक्लास लिहा, कितीही निराळं दिसलं तरी. शहापूर-वडगावच्या विणकराला साडीचे काठ बदलायला नवा माग बसवावा लागत नाही, तसंच हे.

हा घोळ नवा नाही. १९७४ च्या मूळ खेळात तीनच क्लास होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत पॅलाडिन आणि रेंजर हे फायटरचे, तर ड्रुइड हा क्लेरिकचा सबक्लास म्हणून छापले होते, पण प्रत्येकाचा तक्ता पूर्ण स्वतंत्र होता. आजच्या भाषेत ते क्लासच. पाचव्या आवृत्तीत खुद्द कंपनीचा दोनदा उलटसुलट प्रवास झाला. आर्टिफिसर २०१५ च्या चाचणीत विझर्डचा सबक्लास होता. वस्तूंत जादू भरणं हे विझर्डच्या स्पेलबुकाच्या सांगाड्यात मावेना, म्हणून तो वेगळा काढला आणि २०१९ मध्ये पूर्ण क्लास म्हणून छापला. मिस्टिकचं उलट झालं. मनोबलावर चालणारा हा क्लास २०१७ मध्ये विसाव्या लेव्हलपर्यंत चाचणीला आला, पण इतरांची सगळी कामं एकटाच करू लागला. छापील पुस्तकात तो आलाच नाही. त्यातली कल्पना २०२० मध्ये फायटर, रोग आणि सॉर्सररच्या सबक्लासमध्ये वाटली गेली. ‘मनाने मारतो’ हे रूप झालं. पाळीला करायचं वेगळं काम त्यातून निघत नव्हतं.

आता सबक्लासची मर्यादा, कारण खरी गोची तिथेच होते. पात्राच्या एकूण ताकदीतला मोठा वाटा मूळ क्लासने आधीच घेतलेला असतो. फायटरचा दुसरा हल्ला, अ‍ॅक्शन सर्ज, सेकंड विंड हे सबक्लासकडे न बघताच मिळतं. सबक्लासला उरलेली शिल्लक मिळते, तीही ठरलेल्या लेव्हललाच. २०१४ च्या नियमांत या लेव्हली क्लासप्रमाणे बदलतात: फायटरला ३, ७, १०, १५, १८, बार्डला ३, ६, १४, रोगला ३, ९, १३, १७, रेंजरला ३, ७, ११, १५. म्हणून सबक्लास लिहायला बसलात की पहिलं काम या लेव्हली कागदावर मांडणं. रोगचा सबक्लास तिसऱ्यानंतर थेट नवव्या लेव्हलला बोलतो. मधल्या पाच लेव्हली तुमच्या कल्पनेला तिसऱ्या लेव्हलच्या भांडवलावर काढायच्या आहेत. ते भांडवल पुरणार नसेल तर दुसरा मूळ क्लास शोधा.

ही शिल्लक कमी पडली की काय होतं ते २०१४ च्या बीस्ट मास्टर रेंजरमध्ये दिसतं. सोबतचा प्राणी हाच सबक्लासचा प्राण, पण त्याने हल्ला करावा म्हणून रेंजरला स्वतःची अ‍ॅक्शन द्यावी लागे. प्राण्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) रेंजरच्या लेव्हलच्या चौपट किंवा मूळचे, जे जास्त ते. म्हणजे पाचव्या लेव्हलला लांडगा २० वर. एका फायरबॉलचे ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. लांडगा संपला. २०२० मध्ये नवा पर्याय देऊन प्राण्याला पाळीतल्या जादा कृतीवर, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनवर हुकूम देता येईल असं केलं, तेव्हा कुठे तो खेळण्याजोगा झाला. मेंढपाळाबद्दल मी सबक्लास सुचवत नाही ते याच कारणाने.

पैलवानाकडे वळू. २०१४ च्या नियमात पकडणं म्हणजे एका हल्ल्याच्या जागी दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायची अ‍ॅथलेटिक्सची झुंज. समोरचा अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स टाकतो. यंत्र फायटरचंच: जास्त हल्ले म्हणजे जास्त डाव. आणखी एक छोटी वाट आहे ती आधी तपासा. बॅटल मास्टर या फायटरच्या सबक्लासच्या डावांच्या यादीत आतली टांग, ढाक, धोबीपछाड असे तीन नवे डाव घातले की अर्ध्या गटांचं समाधान होतं. मूळ बॅटल मास्टरकडे चार डी८ असतात आणि ते शॉर्ट रेस्टला परत येतात, त्यामुळे हिशेबही बिघडत नाही. एवढ्यावर भागत असेल तर थांबा.

सबक्लासच हवा असेल तर मी असा बांधेन. तिसऱ्या लेव्हलला दोन गोष्टी: पकडलेल्याला ओढत नेताना वेग निम्मा होत नाही, आणि पैलवानाच्या पकडीत असलेल्या शत्रूला पैलवान सोडून दुसऱ्या कुणावर हल्ला करायचा तर दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज. सोबत अ‍ॅथलेटिक्सची प्रोफिशन्सी (प्रावीण्याचा बोनस). सातव्याला आपल्यापेक्षा दोन माप मोठ्या शत्रूलाही पकडता येतं. ही लेव्हल चुकवू नका. मूळ नियमात एकच माप मोठं चालतं, म्हणजे माणूस फार तर लार्जला धरू शकतो, आणि पुढच्या लेव्हलींचे राक्षस ह्यूज असतात. पैलवान बाजूला उभा राहून बघत राहतो. दहाव्याला धोबीपछाड: पकड सोडून शत्रूला १५ फूट फेकायचं, तो आडवा, २डी६ नुकसान, लाँग रेस्टमागे (रात्रीच्या पूर्ण विश्रांतीमागे) प्रोफिशन्सी बोनसइतक्या वेळा. पंधराव्याला स्वतः आडवा पडण्यापासून आणि जागेवरून ढकललं जाण्यापासून सुटका. अठराव्याला ह्यूजच्या वरचं मापही हाती येतं आणि फेकीचे फासे दुप्पट.

काय देऊ नये तेही सांगतो. कुस्तीत चीत झालं की निकाल लागतो, म्हणून लिहिणारा तिसऱ्या लेव्हललाच शत्रूला ‘रिस्ट्रेन्ड’ करून टाकतो. त्या स्थितीत सगळ्यांना त्याच्यावर अ‍ॅडव्हांटेज मिळतो, त्याचे हल्ले आणि डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा) डिसअ‍ॅडव्हांटेजवर जातात. आता आकडे बघा. पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ चा पैलवान अ‍ॅथलेटिक्सला +७ टाकतो. ओगर +४. बरोबरी झाली तर पकड बसत नाही, तरी पैलवान सुमारे ६२ टक्के वेळा जिंकतो. पुढच्या लेव्हलला रोगची एक लेव्हल उचलून एक्स्पर्टाइझ (प्रोफिशन्सी दुप्पट) घेतली तर +१०, म्हणजे सुमारे ७४ टक्के. आणि त्याच्याकडे राउंडला दोन प्रयत्न आहेत. सेव्ह नाही, खर्च नाही, जवळजवळ हमखास रिस्ट्रेन्ड! डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मग प्रत्येक लढाईत भुतं आणि उडणारी जनावरं आणू लागतो, आणि पैलवान घेणारा हिरमुसतो. २०२४ च्या नियमांत ही झुंज काढून ठरलेल्या डीसीविरुद्ध (गाठायच्या आकड्याविरुद्ध) सेव्ह आणला आहे, त्यामुळे एक्स्पर्टाइझची ही पळवाट तिथे राहत नाही. पण तुम्ही २०१४ वर आहात.

गोंधळ्याचं काम तुलनेने सोपं. संबळ, तुणतुणं, हातात दिवटी, ठिकठिकाणच्या देवतांना नाव घेऊन ‘गोंधळाला या’ म्हणून बोलावणं, साथीदाराची विनोदी अडवाअडवी. त्याची ताकद दुसऱ्याच्या अंगात उतरते, आणि बार्डिक इन्स्पिरेशन, म्हणजे साथीदाराला दिलेला जादा फासा, नेमकं तेच करतं. देवीचं नाव आलं म्हणून क्लेरिकचा सबक्लास करण्याचा मोह होईल, करू नका. क्लेरिक सगळी स्पेल यादी घेऊन येतो आणि गाणं मागे पडतं.

इथली नेहमीची चूक संख्येची आहे. ‘आवाहन केलं की ६० फुटांतल्या सगळ्यांना इन्स्पिरेशनचा फासा’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. करिश्मा १६ असलेल्या बार्डकडे तीन फासे असतात. चार साथीदारांना एकदम वाटले की तीनाचे बारा झाले. त्याऐवजी फासा एकच ठेवा, पण तो हातोहात जाऊ द्या: ज्याला मिळाला तो दिवटीच्या उजेडात, म्हणजे २० फुटांत, उभ्या असलेल्या दुसऱ्याला आपल्या पाळीत फुकट देऊ शकतो. ही तिसरी लेव्हल. सहाव्याला: कुणी फासा वापरला की उजेडातल्या दुसऱ्या एकाला पडलेल्या आकड्याइतके टेंपररी हिट पॉइंट. चौदाव्याला रात्रभराचा जागर, लाँग रेस्टनंतर प्रत्येक साथीदाराकडे दिवसभर टिकणारा एक फासा. सहाव्या लेव्हलपर्यंत फासा डी८ झालेला असतो आणि शॉर्ट रेस्टला परत येऊ लागलेला असतो, तेव्हा तिथे आणखी उदार व्हायची गरज नाही.

नावांबद्दल जाता जाता एक. आपल्याकडे काम आणि जात ही दोन्ही एकाच नावात राहतात, आणि टेबलावर त्या घरचं पोर बसलेलं असू शकतं. क्लासमध्ये शिकून येणारं घाला. जन्माने येतं असं काहीही क्लासच्या तक्त्यात घालू नका. म्हणून मी वर ‘मेंढपाळ’ लिहिलं आहे आणि त्याला बुद्धीत उणे, ताकदीत अधिक असले आकडे देणार नाही. यल्लम्माच्या जोगत्यांना स्पेल लावण्याआधीही गटात विचारून घ्या.

वाटाड्या दोन ओळींत उरकतो. चोर्ल्याची आडवाट, नाक्यावरचे शिपाई, कोकणी-कानडी-मराठी तिन्हींत सौदा करणं हे सगळं लढाईबाहेरचं आहे. बॅकग्राउंड: सर्व्हायव्हल आणि डिसेप्शन, दोन जादा भाषा, आणि ‘दिवसभराच्या वाटेवर आडोसा नि ओळखीचं घर सापडतं’ एवढी एक सोय. मग रोग वाटाड्या होऊ शकतो, ड्रुइडही.

उरला मेंढपाळ. चिकोडी-रायबागकडे काळ्या दख्खनी मेंढ्यांचे कळप, सोबत कुत्री आणि घोडी घेऊन फिरणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच. खेळात याचं यंत्र खरोखर वेगळं आहे: तो मैदानाचा एक तुकडा अडवतो आणि तो तुकडा हलवत राहतो. असं करणारा मूळ क्लास नाही. शिवाय कळप पहिल्या लेव्हलपासून हवा. तिसऱ्या लेव्हलपर्यंत कळपाविना हिंडणारा मेंढपाळ कुणाला खेळायचा आहे? मी आणखी एक कसोटी लावतो: याचे निदान तीन सबक्लास सुचतात का, की जे खेळायला एकमेकांपासून वेगळे आहेत? इथे सुचतात. कुत्र्यांवर भर देऊन मारणारा. कळपाने अडवून राखणारा. आणि बिरोबाचा भक्त, वाटा नि पाऊसपाणी ओळखणारा, थोडे स्पेल असलेला. एकच सुचला असता तर तो क्लास नव्हताच, दुसऱ्याचा सबक्लास होता.

पहिली ठेच लागते ती पाळ्यांची. पाच मेंढ्या आणि दोन कुत्री स्वतंत्र लिहिलीत तर एका खेळाडूच्या सात पाळ्या वाढतात. पाळीला दोन मिनिटं धरली तरी बाकीचे चौदा मिनिटं कुंदा खात बसतील. म्हणून कळप म्हणजे प्राणी मोजू नका. १० बाय १० फुटांचा चौकोन धरा. बोनस अ‍ॅक्शनने तो ३० फूट सरकतो. शत्रूंना त्यातून चालणं डिफिकल्ट टेरेन (वेग निम्मा), आतल्या साथीदारांना हाफ कव्हर, म्हणजे आर्मर क्लासला (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) +२. हिट पॉइंटचा एकच साठा, लेव्हलच्या पाचपट. पाचव्या लेव्हलला २५, आणि फायरबॉल पुन्हा २८ चा! म्हणून कळप मरत नाही, पांगतो. साठा शून्यावर आला की चौकोन ५ फुटांचा होतो, अ‍ॅक्शन घेऊन शीळ घातली की अर्धा साठा परत. हे शॉर्ट रेस्टमागे एकदा. मेंढ्या मारून खेळाडूला रडवण्यापेक्षा हे बरं, आणि कळपाला चिडून शत्रूने अ‍ॅक्शन वाया घालवली तर मेंढपाळाचं कामच झालं.

नुकसानीची तुलना करायला पाचवी लेव्हल घ्या, कारण तिथे सगळ्या क्लासची उडी असते. प्रोफिशन्सी +३, मुख्य गुणाचे +४, समोर आर्मर क्लास १५; म्हणजे ६५ टक्के वार लागतात. क्रिटिकल सोडून देऊ. ग्रेटसोर्डवाला फायटर दोन हल्ल्यांत २२, लागण्याचा हिशेब धरून १४.३. शॉर्टबो घेतलेला रोग स्नीक अ‍ॅटॅकसह १८, म्हणजे ११.७. मेंढपाळाची काठी दोन्ही हातांनी १डी८+४, सोबत कुत्र्याचा चावा २डी६: मिळून १५.५, म्हणजे साधारण १०. जमीन अडवण्याचं काम वेगळं मिळत असल्याने इतकंच बरोबर. नवा क्लास १४ च्या वर गेला आणि वर त्याला अडवताही येत असेल तर काहीतरी काढा.

बाकी सांगाड्याला थोडी शिस्त लागते. सेव्हिंग थ्रोची प्रोफिशन्सी दोन, त्यांपैकी एकच डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन किंवा विझडम. दुसरी उरलेल्या तिघांतली. मेंढपाळाला विझडम आणि स्ट्रेंग्थ द्या, हिट डाय डी८, स्किल तीन. गुण वाढवण्याच्या लेव्हली ४, ८, १२, १६, १९ या हलवू नका. सगळ्या करामती बोनस अ‍ॅक्शनवर लादू नका. कळप सरकवणं बोनस अ‍ॅक्शन असेल तर कुत्र्याचा हल्ला मुख्य हल्ल्याला जोडूनच असायला हवा, नाहीतर दर पाळीला दोन चांगल्या गोष्टींतली एक सोडावी लागते आणि खेळाडूला क्लास अर्धवट वाटतो.

पहिल्या लेव्हलला सगळी मलई ओतणं हाही धोका. २०१७ च्या हेक्सब्लेड वॉरलॉकने करिश्मावर शस्त्र चालवणं पहिल्याच लेव्हलला दिलं, आणि पॅलाडिन एकेक लेव्हल उचलून पळाले. मल्टिक्लासने (दुसऱ्या क्लासमधून) येणाऱ्याला कळप ५ फुटांचाच मिळेल आणि साठा मेंढपाळाच्या लेव्हलींवरच मोजला जाईल, हे पहिल्या पानावर लिहा. २०२४ च्या आवृत्तीत सगळ्यांचे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला नेले आहेत, त्यात हेही दुखणं आटोक्यात आलं.

चाचणी कशी घ्याल? २०१४ चे नियम एका दिवसात सहा ते आठ लढाया आणि दोन शॉर्ट रेस्ट धरून चालतात. रविवारी दुपारच्या तीन तासांत होते एक, फार तर दोन. त्यामुळे लाँग रेस्टवर परत येणारं सगळं तुमच्या टेबलावर कागदापेक्षा ताकदवान दिसेल, पैलवानाची धोबीपछाड सुद्धा. एकाच दिवसात तीन लढाया, मधे एक शॉर्ट रेस्ट, असा मुद्दाम बेत करून बघा. एक लढाई मोकळ्या माळावर, एक अरुंद खिंडीत. खिंडीत मेंढपाळाचा चौकोन वाटच बंद करतो, तिथे तो जास्त झाला की नाही ते कळेल. पहिली, तिसरी आणि पाचवी लेव्हल तपासलीत की दहाव्यापर्यंत लिहा. विसाव्याची घाई नाही. सबक्लास एका पानात बसतो; तीन सबक्लाससह क्लास सात-आठ पानांखाली येत नाही, आणि ही सगळी पानं कुणीतरी चाचणीला खेळायची असतात.

शीटवर करामतींची नावं मराठीत ठेवा, पण ग्रॅपल्ड, प्रोन, बोनस अ‍ॅक्शन हे नियमाचे शब्द जसेच्या तसे. तुमच्यात कानडी बोलणारे दोघे असतील तर त्यांना आणि मूळ पुस्तक उघडणाऱ्या कुणालाही तोच शब्द सापडला पाहिजे. ‘जवळचा शत्रू’ लिहू नका, ५ फूट लिहा. ‘काही काळ’ नको. ‘तुमच्या पुढच्या पाळीच्या अखेरीपर्यंत’. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका, आणि बदल दोन खेळांच्या मधे करा, लढाई चालू असताना नको.

पुढे हे इतरांना वाटायचं ठरवलंत तर: २०२३ च्या जानेवारीत मूळ नियमांचा ५.१ हा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, नावाची पोच दिली की वापरता येतो. त्यात प्रत्येक क्लासचा एकेकच सबक्लास आहे. फायटरचा चॅम्पियन आहे, बॅटल मास्टर नाही; आर्टिफिसर तर अजिबात नाही. म्हणून घरच्या टेबलावर तीन डावांची छोटी वाट चालेल, वाटायच्या फाइलमध्ये मात्र पैलवान पूर्ण सबक्लास म्हणूनच घाला.